तनुरेखा

केतकी मगदूमच्या पोटाचा फोटो सांगलीत विश्रामबागच्या चौकात वीस फुटी फलकावर लागला, तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. फोटोत चेहराही होता, पण चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. बरगड्यांच्या खालपासून बेंबीपर्यंत दोन्ही बाजूंना तीन-तीन चौकोन उमटले होते, आणि मधून एक सरळ रेघ खाली उतरत होती. त्या रेघेवरूनच उपचाराला नाव मिळालं होतं: तनुरेखा.

तिची मोठी बहीण रूपाली जयसिंगपूरहून मुद्दाम तो फलक बघायला आली. केतकी तिला आक्का म्हणायची. आक्काने चौकात रिक्षा थांबवली, मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "आईनं बघितलं असतं तर आधी शिडी लावून चादर टाकली असती बघ."

मग स्वतःच हसली. "पण छान दिसतीस गं. खरंच."

आक्का केतकीपेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा केतकी अकरा वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिच्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून रडण्यापर्यंत आईचं सगळं आक्काने केलं. स्वतःचं लग्न तिने त्यासाठी तीन वर्षं लांबवलं होतं. तिचं अंग पहिल्यापासून भरलेलं, चाल सावकाश, आणि हाताला कायम कणकेचा वास.

केतकीचा नवरा अभिनंदन जिम चालवायचा. पोटाचे स्नायू दिसावेत म्हणून त्याने पंधरा वर्षं जे केलं, ते केतकीने जवळून बघितलं होतं. उकडलेले मूग, मोजून पनीर, पहाटेची धाव, स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणीसुद्धा बेताने. तो जिममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "पोटाचे स्नायू तुला आहेत. मला आहेत. त्या समोरच्या भजीवाल्यालाही आहेत. फक्त त्यावर चरबीची गोधडी आहे. ती पातळ करायची, एवढंच काम."

एवढंच काम लोकांना जमत नव्हतं. कारण गोधडी पातळ व्हायला लागली की शरीर घाबरतं. भूक वाढवतं, थकवा आणतं, उष्णता वाचवतं. लाखो वर्षं दुष्काळात तगून राहिलेलं शरीर ते. साठा कमी होणं म्हणजे मरण जवळ येणं, एवढंच त्याला ठाऊक.

तनुरेखाने शरीराची ही भीतीच मुळातून काढून टाकली. माणसात चरबीच्या पेशी दोन प्रकारच्या असतात. पांढऱ्या पेशी मेद साठवतात. तपकिरी पेशी तो जाळून अंग ऊबदार ठेवतात. तान्ह्या बाळाच्या पाठीत या तपकिरी पेशी भरपूर असतात, म्हणून ते थंडीत तगतं. मोठेपणी त्या फार थोड्या उरतात. तनुरेखाच्या सहा सुया बेंबीभोवती टोचल्या जात. त्यातला निरुपद्रवी केलेला विषाणू रक्तावाटे अंगभर जाई, पांढऱ्या पेशींत एक जनुक सोडी, आणि साठवणाऱ्या पेशी जाळणाऱ्या होत. मूळ पेशींतही तो बदल होत असल्यामुळे पुढे जन्मणाऱ्या पेशीही तशाच. तीन महिन्यांत गोधडी नाहीशी. धाव नको, मूग नकोत. हवं ते खा.

पहिल्या वर्षी अभिनंदन त्याला हसला. दुसऱ्या वर्षी त्याची निम्मी जिम रिकामी झाली. ज्या पोटासाठी त्याने तारुण्य घालवलं होतं, ते पोट घेऊन भजीवाला समोर उभा होता. तिसऱ्या वर्षी कंपनीचे लोक त्याच्याकडे आले. त्याच्या जिममध्ये केंद्र उघडायचं, अट एकच: नवरा-बायको दोघांनी उपचार घ्यायचा. जाहिरातीला जोडपं हवं होतं.

अभिनंदनने लगेच सुया घेतल्या. केतकीने महिनाभर टाळलं.

"मला काय कमी आहे?" ती म्हणायची. "बायकांची बॅच घेते. पळते. दमत नाही."

"कमी काही नाही गं. पण तू माझ्या शेजारी उभी राहिलीस की लोक काय बघतात? ट्रेनरची बायको, आणि पोट..." तो थांबला.

"आणि पोट काय?"

"सगळ्यांसारखं."

केतकीला राग आला. पण त्या संध्याकाळी आंघोळीनंतर तिने आरशासमोर पोट आत घेऊन बघितलं, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कुणी ढकललं म्हणून मी गेले, असं पुढे तिला कधी म्हणता आलं नाही. तिलाही ते हवं होतं.

संमतिपत्र सोळा पानांचं होतं. तिने ते सगळं वाचलं. अकराव्या पानावर लिहिलं होतं की उपचारानंतर रक्तदान आणि अवयवदान करता येणार नाही. पाळी अनियमित होईल किंवा थांबेल. दीर्घ उपवास करू नये. पाळीच्या ओळीवर ती क्षणभर थांबली. पण मूल होण्याची आशा दोघांनी चार वर्षांपूर्वीच सोडली होती. मग तिने अवयवदानावर बोट ठेवलं.

"हे कशासाठी रे?"

"कायद्यासाठी लिहितात ते," अभिनंदन म्हणाला. "कोण मागायला येणार आहे तुझं काळीज?"

ती हसली आणि तिने सही केली.

फलक लागून महिना झाला होता. भाद्रपदातलं जैनांचं दशलक्षण पर्व संपत आलं होतं, आणि अनंत चतुर्दशीचा उपास दोघी बहिणी लहानपणापासून एकत्र करत. आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडून काही नाही. दुसऱ्या दिवशी दोघी जयसिंगपूरच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेकाला बसल्या. दुपारी बाराच्या सुमाराला केतकीचे हात थरथरायला लागले. समोरच्या मूर्तीच्या कडा विरघळल्या. ती आडवी पडली ती आक्काच्या मांडीवरच.

शुद्ध आली तेव्हा आक्का तिच्या तोंडात गुळाचं पाणी सोडत होती.

"माझा उपास मोडला," केतकी पुटपुटली.

"मोडू दे. अगं, तुझं अंग किती तापलंय! ताप आहे का?"

"नाही. असंच असतं आता. दर तीन तासांनी खावं लागतं."

आक्काने तिच्या दंडावर हात ठेवला. कातडी तव्यासारखी गरम, आणि खाली बोटांना दबेल असं काहीच नाही. "मी दहा दिवस एका वेळेवर आहे," ती म्हणाली. "मला काही झालं नाही. तू एका दिवसात पडलीस. ही कसली तब्येत म्हणायची?"

केतकीला ते लागलं. नवीन पोटाबद्दल आक्का कौतुकाशिवाय दुसरं काही बोलली, असं पहिल्यांदाच झालं होतं.

मग मार्गशीर्षात चुलतभावाचं लग्न आलं. फोटोसाठी सगळे मंचावर गोळा झाले. आक्का एका बाजूला, केतकी दुसऱ्या बाजूला. केतकीने चोळी आखूड शिवून घेतली होती. अभिनंदनला गर्दीत बोलायला आवडायचं. तो मोठ्याने म्हणाला, "आक्का, तुम्ही दोघी जरा जवळ उभ्या राहा बघू. आमच्या जाहिरातीचं काम होतंय. ही उपचाराच्या आधीची, ही नंतरची!"

मंचावर हशा पिकला. फोटोवालासुद्धा हसला. केतकीही हसली. ठरवून नाही, पण हसली, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

आक्काही हसत होती. हसता हसता तिने पदर ओढून कमरेत खोचला.

तिची मुलगी स्वरा खाली खुर्च्यांमध्ये उभी होती. ती हसली नाही. स्वरा वीस वर्षांची, वजन उचलणारी. जयसिंगपूरच्या साध्या हॉलमध्ये सराव करून तिने राज्यस्तरावर दोनदा रौप्य मिळवलं होतं. तिला पहिल्यांदा त्या हॉलमध्ये नेलं होतं ते मावशीनेच, दहा वर्षांची असताना. स्वराची कंबर जाड होती, पोटावर एकही रेघ नव्हती, आणि ती शंभर किलोची सळई डोक्यावर धरून हसू शकत होती. अभिनंदनने एकदा तिलाही तनुरेखा सुचवली होती. ती म्हणाली होती, "काका, पोट दाखवायला नाही, ताठ ठेवायला लागतं."

लग्न झालं. हिवाळा गेला. आक्काचे फोन कमी झाले, पण केतकी कामात होती. केंद्रात रांगा लागत होत्या.

चैत्रात एका सकाळी स्वराचा फोन आला. "मावशी, आईचे डोळे पिवळे झालेत. काल रात्रीपासून काहीही बोलतेय. मला ओळखत नव्हती मघाशी. आम्ही मिरजेला निघालोय."

मिरजेच्या मोठ्या इस्पितळात यकृताचा वेगळा विभाग होता. तिथल्या डॉक्टर तांबोळी पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासण्यांचे आकडे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "त्या काय घेत होत्या? औषध, काढा, चूर्ण, काहीही."

आक्काचा नवरा, ज्यांना केतकी दाजी म्हणायची, बावरून म्हणाले, "काही नाही. बीपीची गोळीसुद्धा नाही तिला."

स्वरा बाहेर गेली. दोन तासांनी ती जयसिंगपूरहून परत आली, तेव्हा तिच्या हातात एक प्लॅस्टिकची डबी होती. स्वयंपाकघरात हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात, तळाशी, सापडली होती. डबीवर कुठल्या कारखान्याचं नाव नव्हतं. हिरव्या कॅप्सूल, आणि एका सपाट पोटाचं चित्र. खाली लिहिलं होतं: शंभर टक्के नैसर्गिक, चरबी जाळणारे.

"डबीत निम्म्याच उरल्यात," स्वरा म्हणाली. "आणि मागं दोन रिकाम्या डब्या होत्या."

डॉक्टर तांबोळींनी डबी हातात घेऊन बाजूला ठेवली. "या महिन्यातली ही तिसरी केस. तनुरेखा सगळ्यांना परवडत नाही. मग लोक हे घेतात. यात काही अर्क इतके तीव्र असतात की यकृत दोन-तीन महिन्यांत करपून जातं." त्या दाजींकडे वळल्या. "औषधाने हे भरून येणार नाही. यकृताचा तुकडा बसवावा लागेल, चार-पाच दिवसांत. मृत दात्याची यादी लांब आहे. घरातलं कोण देऊ शकेल?"

केतकीच्या डोळ्यांपुढे मंचावरचा तो फोटो उभा राहिला. तिने कुणाकडेही बघितलं नाही.

दाजींना मधुमेह होता. त्यांच्याच यकृतात चरबी साचली होती. ते पहिल्या तासातच बाद झाले. केतकीचा रक्तगट आक्काशी जुळत होता. सख्खी बहीण, वय सदतीस, व्यसन नाही, आजार नाही.

"मी देते," ती म्हणाली. ते तिने विचार न करता म्हटलं.

रक्त घ्यायला आलेली परिचारिका तिचा दंड बघून म्हणाली, "तुमच्यासारखे दाते आले तर आमचं कामच सोपं होईल, ताई. एक ग्रॅम फालतू नाही अंगावर."

दुपारी डॉक्टर तांबोळींनी तिला आणि स्वराला खोलीत बोलावलं. अभिनंदनही आला होता. डॉक्टरांच्या समोर केतकीच्या पोटाचा स्कॅन उघडलेला होता.

"तुम्ही तनुरेखा घेतलीय," त्या म्हणाल्या. "मला आधी सांगायला हवं होतं." केतकीला संमतिपत्राचं अकरावं पान आत्ता आठवलं.

"त्याचा काय संबंध?" अभिनंदनने विचारलं. "तिचं यकृत तर साफ आहे ना?"

"एकदम साफ. इतकं सुंदर यकृत मी या वर्षी बघितलं नाही. पण मी ते कापू शकत नाही." त्यांनी स्कॅन बाजूला सारला. "यकृत अर्धं काढलं तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा वाढतं, हे तुम्हाला माहीत असेल. ते वाढतं कशावर? पहिल्या दोन-तीन दिवसांत अंगातल्या चरबीच्या साठ्यातून मेद सुटतो आणि उरलेल्या यकृतात येऊन भरतो. तेच इंधन, त्यातूनच नव्या पेशींची आवरणं. चरबीच नसलेल्या उंदरांवर हे फार पूर्वी बघून झालंय. त्यांचं यकृत वाढायचं थांबतं. तुमच्या अंगात साठा नाही. साठवू शकणारी पेशीच नाही."

"सलाईनमधून मेद द्या की," अभिनंदन म्हणाला. "आम्ही लिहून देतो, आमच्या जबाबदारीवर."

"दोन ठिकाणी तसा प्रयत्न झाला. चरबी नुसतं कोठार नसते, यकृताला वाढ म्हणून सांगणारे संदेशही तिच्याकडूनच जातात. ते सलाईनमध्ये मिळत नाहीत. दोन्ही दाते गेले." त्या केतकीकडे वळल्या. "तुमचा तुकडा तुमच्या बहिणीत जगेल. तुम्ही जगणार नाही. एकीला वाचवायला दुसरीला मारायचं, हे मी करत नाही."

त्या क्षणी केतकीला काय वाटलं, ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. दुःख आलं, भीती आली, आक्काचा पिवळा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण या सगळ्याच्या आधी, डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ, तिला सुटल्यासारखं वाटलं. आता पोट कापायचं नाही. तिचा श्वास मोकळा झाला, खांदे खाली आले, आणि नकळत तिचा हात पोटावर गेला.

तिने मान वळवली, तर स्वरा तिच्याकडेच बघत होती.

"मग मी देते," स्वरा डॉक्टरांना म्हणाली. "माझा रक्तगट आईचाच आहे. मी आताच तपासून घेते."

"तुझं शिबिर!" केतकी जवळजवळ ओरडली. पुढच्या महिन्यात स्वरा पतियाळाला राष्ट्रीय शिबिरासाठी जाणार होती. त्या वयोगटात महाराष्ट्रातून एकटीच. "स्वरा, थांब. यादीत नाव लावू. कुणीतरी मिळेल. दोन दिवस तरी..."

"मावशी," स्वरा शांतपणे म्हणाली, "दुसरं कोण आहे?"

शस्त्रक्रिया अकरा तास चालली. केतकी, अभिनंदन आणि दाजी बाहेर बाकावर बसले होते. दर तीन तासांनी घड्याळ तिच्या मनगटावर थरथरायचं आणि ती पिशवीतला लाडू काढून कोपऱ्यात तोंड करून खायची. तिसऱ्या वेळी तो लाडू तिच्या घशाखाली उतरेना. पण खाल्ला नाही तर ती इथेच पडेल, आणि दाजींना तिलाही उचलावं लागेल. तिने पाण्याबरोबर तो ढकलला.

आक्का वाचली. स्वराचं यकृतही वाढायला लागलं, डॉक्टर म्हणाल्या तसंच, तिच्या जाड कंबरेतला साठा वापरून. पण दहाव्या दिवशी स्वराच्या जखमेत पू झाला. टाके उघडावे लागले. पोटाचा स्नायू एका जागी धरेना, तेव्हा आत जाळी बसवून तो शिवला. उजव्या बरगडीखालून निघून मध्यावर वर वळणारा लांब, जाड व्रण राहिला.

"जगायला काही अडचण नाही," डॉक्टर तांबोळींनी तिला सांगितलं. "चाल, पळ, लग्न कर, मुलं होऊ देत. पण स्पर्धेचं वजन उचलू नकोस. ती भिंत आता तो ताण सोसणार नाही."

स्वराने मान हलवली. शिबिराला पत्र तिने स्वतःच लिहिलं.

त्या आठवड्यात केतकी सांगलीला घरी आली, तेव्हा अभिनंदन फोटोवाल्याशी बोलत होता. नवीन हंगामासाठी नवीन फलक हवे होते.

"मी काढून घेणार नाही फोटो," ती म्हणाली.

फोटोवाला गेल्यावर तो म्हणाला, "केतकी, मला काय वाईट वाटत नाही का? पण त्या कॅप्सूल आपण दिल्या होत्या? आपण आक्कांना कधी म्हटलं, हे घ्या म्हणून?"

"आपण हसलो होतो."

"कधी?"

"लग्नात. मंचावर."

त्याला खरंच आठवेना. तिने सांगितल्यावर तो म्हणाला, "ती गंमत होती गं. त्याही हसल्या होत्या."

"हो," केतकी म्हणाली. "म्हणून तर."

तो खुर्चीत बसला. त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "मी काय करू सांग. हे उलटं करता येत नाही. मी कंपनीला विचारलंय. पेशी परत पांढऱ्या होत नाहीत. मी पण तुझ्यासारखाच आहे, मला पण कुणाला काही देता येणार नाही. केंद्र बंद करू? उद्या दुसरा कुणी उघडेल."

ते सगळं खरं होतं. त्याच्यावर ओरडता येईल असं त्यात काही नव्हतं, आणि त्यामुळेच केतकीला त्या घरात बसवेना. तिने कपडे भरले आणि जयसिंगपूरला गेली. तीन महिने तिने आक्काचं घर सांभाळलं.

पहाटे उठून ती दोघींच्या औषधांच्या वेळा लावायची. आक्काला उकळलेलं पाणी, बिनमिठाची भाजी, ताजा फुलका. स्वराला खाली वाकता येत नव्हतं, तिचे पाय ती धुऊन द्यायची. सुरुवातीला स्वरा "राहू दे मावशी" म्हणायची, मग तिनेही सवय करून घेतली. स्वतःचं दर तीन तासांचं खाणं केतकी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ उभं राहून उरकायची. दोन चमचे वरणभात खाऊन दमणाऱ्या आक्कासमोर ताट भरून बसणं तिला जमत नव्हतं.

आक्का तिच्याशी बोलायची, पण कामापुरतं. "पाणी दे." "खिडकी लाव." "दाजींना सांग, दूध संपलंय." लग्नाचा विषय कुणी काढला नाही. कॅप्सूलचाही नाही. केतकीने एकदा हिंमत करून सुरुवात केली, "आक्का, त्या दिवशी मंचावर मी..."

"झोप येतीय मला," आक्का म्हणाली आणि कूस बदलली.

श्रावणात आक्का स्वतः उठून ओट्यापर्यंत जायला लागली. एका दुपारी तिने केतकीच्या हातातून लाटणं घेतलं. एक पोळी लाटली, तव्यावर टाकली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू आता घरी जा."

"अजून महिनाभर राहते की. तुला दम लागतोय."

"लागू दे. तू माझं खूप केलंस. कुणी करणार नाही एवढं केलंस." आक्काने पोळी उलटली. "पण तू समोर वावरतीस, तुझा पदर सरकतो, आणि मला ते पोट दिसतं. तसंच्या तसं. मग मी आत जाऊन पोरीचं बघते. हे मला रोज सोसत नाही बघ. राग नाही गं माझा. राग असता तर भांडून संपवला असता."

केतकीला वाटलं, आक्का आता तरी वळून बघेल. आक्काने पुढची पोळी लाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरा तिला सोडायला थांब्यावर आली. आता ती ताठ चालू शकत होती, फक्त जिना उतरताना हात पोटाला लावायची. गावातल्या एका शाळेने तिला खेळाच्या तासाला मुली सांभाळायचं काम देऊ केलं होतं. ते घ्यावं का, यावर दोघी थोडा वेळ बोलल्या. समोरून खताची पोती भरलेला ट्रॅक्टर चिखल उडवत गेला.

"मावशी, एक विचारू?"

"विचार की."

"तुला जमत असतं, तर तू दिलं असतंस?"

"हो," केतकी म्हणाली. पण ते म्हणायला तिला एक श्वास उशीर झाला.

स्वराने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर ना चीड होती, ना माया. "मला पण तसंच वाटतं," ती म्हणाली. "आई म्हणते, नसतं दिलं."

"आणि तू तिला काय म्हणालीस?"

"मी काहीच नाही म्हणाले."

सांगलीची बस वळणावर दिसली. केतकीची बॅग जमिनीवर होती, कपडे आणि वाटेत खायच्या डब्यांनी जड झालेली. स्वरा सवयीने तिच्यासाठी वाकली, अर्ध्यावर थांबली आणि हळूच सरळ झाली. केतकीने एका हाताने बॅग उचलली आणि बसमध्ये चढली.